हेलसिंकीत खाशाबांच्या बाजूला कोण होतं?

हेलसिंकीच्या मेस्सुहल्ली सभागृहात २३ जुलै १९५२ रोजी खाशाबा जाधवांनी कुस्तीचं कांस्यपदक मिळवलं. चारच दिवसांनी तिथेच जॉन डेव्हिस या कृष्णवर्णीय अमेरिकन भारोत्तोलकानं तीन प्रकारांत मिळून ४६० किलो उचलले आणि हेवीवेटचं सलग दुसरं ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं. खाशाबांची गोष्ट आपण सांगतो ती वर्गणीची: गोळेश्वरचा पोरगा, राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर, त्यांचं गहाण पडलेलं घर, सात हजार रुपये. गोष्ट खरी आहे, पण ती विमानतळावरच संपते. पुढे काय झालं? १९४८ साली लंडनला रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकानं त्यांना मॅटवरची कुस्ती शिकवली आणि मातीतला हा मल्ल सहावा आला. हेलसिंकीत वरच्या वजनगटात त्यांनी पदकापर्यंत मजल मारली. तिथे जपानच्या इशीशी दीर्घ लढत हरल्यावर लगेच त्यांना सोव्हिएत ममादबेयोव्हसमोर उभं केलं गेलं. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हा नियम होता. ती मागायला भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता. सुवर्ण नक्की होतं असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल, पण पुढची लढत ताज्या दमानं लढण्याचा हक्क तरी त्यांचा होता.

श्रीमंत अमेरिकेशी तुलना कशाला, असं कुणी म्हणेल. पण डेव्हिसच्या देशात वर्णभेद तेव्हा अनेक राज्यांत कायद्यानंच चालत होता. तरीही १९३८ मध्ये सतराव्या वर्षी व्हिएन्नात जगज्जेता झालेला हा माणूस १९५३ पर्यंत हरला नाही. बळ त्याचंच, मात्र त्याच्या संघाचा खर्च आणि व्यवस्था पाहायला यॉर्कचा बारबेल कारखानदार बॉब हॉफमन वर्षानुवर्षं होता. पैसा तिथेही सरकारी नव्हता, खासगीच होता. फरक एवढाच की तो दरवर्षी येत होता, आणि त्याच्यासोबत नियम जाणणारा माणूसही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: वर्गणीच निघाली नाही, तर गोळेश्वरसारख्या गावातला खेळाडू एसटीत तरी बसेल का? नाही बसणार. खर्डेकरांचं ऋण म्हणूनच मोठं. पण घर एकदाच गहाण टाकता येतं. १९५६ च्या मेलबर्नआधी खाशाबांचा गुडघा दुखावला. भारताचं पुढचं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक लिएंडर पेसनं आणलं ते १९९६ साली, तेही टेनिसमध्ये.