राज्यमंत्र्यांकडे काय मागावे?

जुलै २०२५ मध्ये राज्याच्या सामाजिक न्याय खात्यातील एक पत्रव्यवहार वर्तमानपत्रांत गाजला. खात्याचे कॅबिनेट मंत्री संजय शिरसाट यांनी त्याच खात्याच्या राज्यमंत्री माधुरी मिसाळ यांना पत्र लिहिले. अधिकाऱ्यांच्या बैठका आपल्याला विचारून घ्याव्यात, असा त्याचा सूर होता. बैठक घेण्याचा अधिकार राज्यमंत्र्याला आहे आणि त्या बैठकांत आपण कोणताही निर्णय दिलेला नाही, असे मिसाळ यांनी उत्तर दिले. शेवटी मुख्यमंत्र्यांनी सांगितले की राज्यमंत्र्यांना बैठका घेता येतात, पण धोरणाचा निर्णय मंत्र्यांच्या मान्यतेनेच व्हायला हवा.

अनेकांनी ही बातमी दोन पक्षांमधली कुरबुर म्हणून वाचली आणि पान उलटले. आम्हाला वाटते, आपल्या घरांशी तिचा जवळचा संबंध आहे. विधवांचे अनुदान, मुलांची शिष्यवृत्ती, वसतिगृह यांसाठी मोहल्ल्यातले लोक निवेदन घेऊन जातात, तेव्हा बहुतेक वेळा त्यांना भेटतो तो राज्यमंत्रीच.

‘राज्यमंत्री’ म्हणजे राज्याचा मंत्री, असा समज अजून पुष्कळ घरांत आहे. तसे नाही. तो मंत्रिमंडळातला धाकटा दर्जा आहे आणि केंद्रातही असतो. रामदास आठवले २०१६ पासून केंद्रात सामाजिक न्याय खात्याचे राज्यमंत्रीच आहेत. राज्यमंत्री मंत्रिमंडळाच्या बैठकीत एरवी बसत नाही. कॅबिनेट मंत्री जेवढे विषय त्याच्याकडे सोपवील, तेवढ्याच विषयांच्या फाइली त्याच्यापर्यंत येतात. काही सोपवलेच नाही तर दालन, गाडी आणि पाटी एवढेच हाती राहते. ही तक्रार आजची नाही. सरकार कोणत्याही पक्षाचे असो, ती ऐकू येतेच.

शिवाय एकाच माणसाकडे किती खाती! डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरात विस्तार झाला तेव्हा राज्याला सहा राज्यमंत्री मिळाले. मिसाळ यांच्याकडे सामाजिक न्यायाबरोबर नगरविकास, परिवहन, वैद्यकीय शिक्षण आणि अल्पसंख्याक विकास व औकाफ ही खातीही आली. म्हणजे विधवेचे अनुदान, वक्फची जमीन आणि एसटी बस या तिन्ही गोष्टींची निवेदने एकाच टेबलावर.

आता संजय गांधी निराधार अनुदान योजना घ्या. बॅरिस्टर अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८० मध्ये ती सुरू झाली. विधवा, तलाक झालेल्या व टाकून दिलेल्या स्त्रिया, अनाथ, अपंग यांना तिचा आधार आहे. २०२३ मध्ये रक्कम महिना १,००० वरून १,५०० रुपये झाली. पण पात्रतेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची सर्वसाधारण मर्यादा वर्षानुवर्षे २१,००० रुपये. बारा महिन्यांनी भागा, महिन्याला १,७५० येतात. एखादी भाभी शंभर रुपये रोजाने महिन्यात अठरा दिवस विड्या वळत असेल किंवा भांडी घासत असेल, तरी कागदावर ती ‘निराधार’ राहत नाही. हा आकडा राज्यमंत्री बदलू शकत नाही. त्यासाठी मंत्र्यांची मान्यता, वित्त खात्याची संमती आणि मंत्रिमंडळाचा निर्णय लागेल.

दुसरी मेख आणखी खाली आहे. पैसा सामाजिक न्याय खात्याचा, पण अर्ज तपासणारे तहसीलदार महसूल खात्याचे. अर्ज मंजूर होतो तालुक्याच्या समितीत. समितीची बैठकच झाली नाही तर सगळे कागद बिनचूक असूनही अर्ज फडताळात पडून राहतो. आपल्या स्त्रियांना आणखी एक त्रास होतो. रेशन कार्डावर नावापुढे ‘बी’, आधारवर ‘बेगम’ आणि बँकेच्या पासबुकात नुसतेच नाव. रक्कम आता आधार जोडलेल्या खात्यात थेट जमा होत असल्याने या फरकापायी मंजूर अनुदानही अडते.

मग राज्यमंत्र्याचा उपयोग काय? आमच्या मते पुष्कळ आहे, आणि तो नेमका त्या वादग्रस्त बैठकांत आहे. निर्णय देता येत नसला तरी प्रश्न विचारता येतो. अमुक तालुक्यात समिती शेवटची कधी बसली, किती अर्ज शिल्लक आहेत, किती अर्ज केवळ उत्पन्नाच्या दाखल्यावरून फेटाळले, असे वरून विचारले गेले की उत्तर तयार करण्यासाठी तरी कोणाला ती फाइल उघडावी लागते. दुसरी जागा विधिमंडळाची. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्ध्या तासाची चर्चा यांना खात्यातर्फे अनेकदा राज्यमंत्रीच उत्तर देतो. सभागृहात दिलेले आश्वासन नोंदले जाते आणि त्याचा पाठपुरावा करणारी विधिमंडळाची समिती असते. हार घालून काढलेल्या फोटोपेक्षा आपल्या आमदाराकरवी विचारलेला एक प्रश्न म्हणूनच जास्त कामाचा.

म्हणून जमातीच्या आणि महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे. ‘आमच्या समाजाकडे लक्ष द्यावे’ असे एका ओळीचे निवेदन नेऊ नका. त्यावर ‘योग्य ती कार्यवाही करावी’ असा शेरा पडतो आणि कागद पुढच्या टेबलावर जातो. अर्जदारांची यादी न्या. प्रत्येकीच्या अर्जाचा क्रमांक, तारीख आणि अर्ज कोणत्या टप्प्यावर अडला ते लिहा. मागणी एकच ठेवा: समितीची बैठक अमुक तारखेपर्यंत व्हावी. मर्यादा वाढवण्याची मागणी वेगळ्या कागदावर, कॅबिनेट मंत्र्यांच्या नावे, प्रत मुख्यमंत्र्यांना. उत्पन्नाचा दाखलाच मिळत नसेल तर मुंबईला जाण्याचे कारण नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली त्याला मुदत आहे. ती टळली तर अपील करता येते. अर्ज दिल्याची पोच मात्र जपून ठेवायला हवी, आणि तीच बहुतेक भगिनींकडे नसते.