दोन पिवळ्या किडन्या

बाळांनो, पेणमधल्या पोरानं शाडूचा गोळा हातात घेतला नाही असं व्हायचं नाही. तसला गोळा माणसाच्या पोटातही होतो, सांगू? टीबीचे जंतू रक्तातून किडनीत जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षं तिला आतून पोखरतात. शेवटी उरते नुसती पिशवी, आत भिजवलेल्या शाडूसारखा पांढरट लगदा. पुढे त्यात चुना साठून तो कडक होतो. माणसाला कधी कधी पत्ताही नसतो, कारण दुसरी किडनी सगळं निभावते.

एकीवर भागतं, हे १८६९ साली जर्मनीत गुस्ताफ सिमोन या सर्जननं दाखवलं. आधी कुत्र्यांवर करून पाहिलं, मग एका बाईची किडनी काढली. बाई जगली! उरलेली किडनी नव्या गाळण्या करत नाही हं. असलेल्या दहाएक लाख गाळण्याच मोठ्या होतात.

“मग काढलेली टाकून देतात?”

छे! ती फॉर्मालिनमध्ये बुडून पॅथॉलॉजिस्टकडे जाते. समजा, पेणच्या एकाची आणि रोह्याच्या एकाची अशा दोन किडन्या मुंबईच्या प्रयोगशाळेत आल्या. चिरल्या, तर दोन्हींत पिवळे गोळे. स्कॅनमध्येही दोन्ही कॅन्सरच वाटलेल्या. मग तुकडे मेणात बसवायचे, तीन-चार मायक्रॉनचे काप काढायचे, रंगवायचे. पेणकराच्या पेशी पारदर्शक, रिकाम्या दिसल्या. त्यांच्यातली चरबी काप तयार करतानाच विरघळून गेलेली. हा कॅन्सर. रोहेकराच्या किडनीत मात्र चरबी गिळून फेसाळलेल्या, आपल्याच रक्षक पेशी. मूळ कारण मुतखडा. त्यानं वाट अडवली, लघवी तुंबली, जंतू माजले. काही जंतू तर लघवीतला युरिया फोडून स्वतःच खडा वाढवतात.

या खड्यांचा नाद आपल्या मुंबईत हेन्री व्हॅन्डाइक कार्टरला होता. १८५८ मध्ये तो आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला, आणि १८७३ मध्ये मुतखड्यांच्या सूक्ष्म रचनेवर त्याचं पुस्तक निघालं. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’तली चित्रंही त्याचीच. नाव मात्र ग्रेचं झालं. मला काही हे पटत नाही.

“आणि ते दोघं, आजोबा?”

रोहेकराचा आजार किडनीबरोबरच गेला. आता भरपूर पाणी प्यायचं, खडा पुन्हा होऊ द्यायचा नाही. पेणकराला मात्र पुढची काही वर्षं स्कॅनसाठी खेपा घालायच्या आहेत.