थंडी आणि मोटारीच्या चाकांतील हवा

गेल्या मार्गशीर्षात आप्तांकडील एका विवाहास आम्ही सहकुटुंब पुण्याहून नाशिकास निघालो होतो. पहाटेची वेळ, थंडी कडाक्याची, उष्णमान दहा अंशांवर उतरलेले. सामान चढवून झाले, इतक्यात आमच्या पुतण्याने घरचे गेज लावून एका चाकाची हवा पाहिली आणि तो संतापला. "काका, काल दुपारी पंपावरच्या पोराने ३३ भरली म्हणून सांगितले. हे पाहा, २८! त्यांचे गेजच खोटे." वाटेत पंपावर थांबून त्या मुलास चार शब्द सुनावल्यावाचून पुढे जावयाचे नाही, असा त्याचा निश्चय झाला.

आम्ही इतकेच विचारले, "बाकीची तीन चाके पाहिलीस काय?" पाहिली, तो चहूंकडे २८. खिळा रुतता तर एकच चाक उतरते. व्हॉल्व्ह सैल असता तरी एकच. चारही चाके सारखीच उतरली, तेव्हा कारणही चहूंस समान असले पाहिजे. त्या मुलाने हवा भरली आणि रात्रीतून आकडा उतरला, एवढ्यावरून त्यास दोषी धरणे म्हणजे काकतालीय न्यायाने न्यायनिवाडा करणे होय. वेळ थोडा होता. घरच्या लहान यंत्राने चारही चाकांत पुनः ३३ हवा भरून आम्ही निघालो.

संगमनेरास चहापाण्यासाठी थांबलो तेव्हा ऊन चढले होते. तेच घरचे गेज लावावयास आम्ही पुतण्यास सांगितले. आकडा आला ३७! मध्यंतरी कोणी श्वासभर हवा घातली नव्हती. पुतण्या क्षणभर गप्प राहिला. पंपावरचे गेज खोटे नव्हते आणि घरचेही नव्हते.

यातील मर्म शाळेतील पदार्थविज्ञानाचेच आहे. बंदिस्त हवा तापली की तिचा दाब वाढतो, निवली की उतरतो. फ्रेंच शास्त्रज्ञ आमाँताँ याने १७०२ च्या सुमारास हे प्रयोगाने दाखविले. मात्र हे प्रमाण शून्याखालील २७३ अंशांपासून मोजावयाचे असते. गेजवर ३३ म्हणजे दर चौरस इंचास ३३ पौंड. परंतु तो बाहेरील हवेच्या दाबाहून अधिक असलेला दाब होय. पुण्यात बाहेरील दाब सुमारे १४ पौंड. म्हणून चाकातील खरा दाब ४७. दुपारी गाडी गावात हिंडून पंपावर गेली, तेव्हा चाकांतील हवा ४५ अंशांवर होती असे धरू. म्हणजे मूळ मापाने ३१८. पहाटे ती १० वर आली, म्हणजे २८३. उतार ३५ अंशांचा, सुमारे नववा हिस्सा. ४७ चा नववा हिस्सा पाच. ३३ तून पाच गेले, २८ राहिले. हवा कोठेही गेली नव्हती. ती केवळ निवली होती.

गाडी उभी असली तरी केवळ ऋतुमानाने हा फरक पडतो. दुपारचे ३० अंश आणि पहाटेचे १० यांत तीन पौंडांचे अंतर येते. कॅनडात राहणारे आपले आप्त उबदार गॅरेजातून शून्याखाली वीस अंशांत गाडी बाहेर काढतात, त्यांस तर पाचसहा पौंडांची घट सोसावी लागते. चाकात नायट्रोजन भरला म्हणजे ही पीडा टळते, अशी समजूत आहे. पण साध्या हवेत चार भागांपैकी तीनांहून अधिक नायट्रोजनच असतो, आणि तोही याच नियमाने आकसतो. त्याचा लाभ इतकाच की, तो रबरातून काहीसा सावकाश झिरपतो. साधी हवा महिन्याकाठी एकदोन पौंड अशीच झिरपून जाते. थंडीची घट तीत मिळाली म्हणजे चाक उपाशीच राहते.

संगमनेरास पुतण्या म्हणाला, "काका, मग वरचे चार पौंड सोडून देऊ का?" आम्ही त्याचा हात धरला. हीच सर्वांत घातक चूक होय. तापलेल्या चाकाची हवा सोडली तर दुसऱ्या पहाटे ते २९ वर येणार. कमी हवेच्या चाकाच्या बाजू प्रत्येक फेऱ्यास अधिक वाकतात, वाकण्याने तापतात, आणि वेग मोठा असला म्हणजे रबर व आतील धागे त्या उष्णतेने दुबळे होऊन चाक फुटते. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये शिर्डीपर्यंत आणि जून २०२५ मध्ये संपूर्ण खुला झाला. ७०१ किलोमीटरांच्या त्या सरळ वाटेवर मोटारींस ताशी १२० ची मर्यादा आहे. अशा वाटेवर घरातील लहानथोर घेऊन निघताना चाकांकडे दुर्लक्ष करणे म्हणजे जिवाशी खेळणे होय.

उपाय सोपा आहे. चालकाच्या दाराच्या चौकटीवर कारखान्याने आकडा लिहिलेला असतो. माणसे व सामान भरलेले असता काही गाड्यांस मागील चाकांसाठी निराळा आकडा असतो. तो थंड चाकाचा समजावा. गाडी तीनचार तास उभी असताना, शक्यतो सकाळी, हवा मोजावी व तितकीच भरावी. स्टेपनी विसरू नये. आमच्या घरी वहिनींनी संकष्टी चतुर्थीची सकाळ यासाठी नेमून दिली आहे, त्यामुळे महिना चुकत नाही. एकच चाक वारंवार उतरू लागले, तर मात्र थंडीस बोल न लावता पंक्चर काढणाऱ्याकडे जावे.

परतल्यावर पुतण्या आपणहून त्या पंपावर गेला. मुलगा म्हणाला, "साहेब, मी सगळ्यांना सांगतो, सकाळी गार चाकावर या. कोणी ऐकत नाही." जे आम्ही गणिताने सिद्ध केले, ते त्या मुलास अनुभवाने ठाऊक होते. पुतण्याने घरी येऊन हे आम्हांस सांगितले, तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता. पहाटे आम्ही पंपावर थांबलो असतो तर एका निरपराध मुलास चार लोकांत चोर ठरविले असते, हे त्यास उमगले होते.