संस्थात्मक सिद्धता, आरोग्य-कार्यक्रमांतील
नवीन आरोग्य-कार्यक्रम स्वीकारून तो नेटाने चालविण्यासाठी एखाद्या रुग्णालयाच्या, आरोग्य केंद्राच्या किंवा शासकीय विभागाच्या अंगी असलेली तयारी. या तयारीत कर्मचाऱ्यांचा निश्चय, त्यांचा स्वतःच्या सामूहिक शक्तीवरील विश्वास आणि प्रत्यक्ष साधनसामग्री या तिन्हींचा समावेश होतो. एखादी लस, चाचणी किंवा उपचारपद्धती गुणकारी आहे असे संशोधनाने सिद्ध झाले, तरी ती प्रत्यक्ष रुग्णापर्यंत पोहोचणे हे मधल्या संस्थेवर अवलंबून असते. कार्यक्रम फसला असता दोष उपचारपद्धतीचा की ती राबविणाऱ्या यंत्रणेचा, हे पुष्कळदा कळत नाही. म्हणून कार्यक्रम सुरू करण्यापूर्वीच यंत्रणेची सिद्धता मोजण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या अखेरीपासून होऊ लागले.

संकल्पनेचा विकास : समूहात बदल घडवून आणावयाचा तर त्याच्या रूढ सवयी प्रथम सैल कराव्या लागतात, हा विचार जर्मन-अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेव्हिन यांनी १९४७ मध्ये मांडला. पुढे व्यवस्थापनशास्त्रात आर्मेनाकिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये सिद्धतेचा स्वतंत्र विचार केला. आपली सध्याची स्थिती व अपेक्षित स्थिती यांत अंतर आहे आणि ते भरून काढणे आपल्याला शक्य आहे, या दोन्ही गोष्टी कर्मचाऱ्यांना पटल्याखेरीज बदल रुजत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. आरोग्यक्षेत्रात ब्रायन वाइनर यांनी २००९ मध्ये मांडलेली उपपत्ती विशेष मान्यता पावली. तीनुसार सिद्धता ही सामूहिक मनःस्थिती असून तिची अंगे दोन : बदल घडवून आणण्याविषयीची बांधिलकी आणि तो आपल्या हातून घडेल हा विश्वास. कार्यक्रमाचे मोल कर्मचाऱ्यांना किती वाटते, यावर पहिले अंग अवलंबून असते. तर कामाचे स्वरूप, उपलब्ध साधने व परिस्थिती यांविषयीच्या त्यांच्या अंदाजावर दुसरे. स्काचिया, वाँडर्समन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रेरणा, सर्वसाधारण कार्यक्षमता व त्या विशिष्ट कार्यक्रमापुरती लागणारी कार्यक्षमता, अशी तीन अंगे सांगितली. या अंगांची बेरीज न करता त्यांनी गुणाकार कल्पिला आहे. त्यामुळे एक अंग शून्यवत असेल, तर उरलेली दोन कितीही सबळ असली तरी सिद्धता शून्याकडेच झुकते.

मापनाच्या पद्धती : मापनाचे मुख्य प्रकार दोन आहेत. पहिल्यात संस्थेची साधने मोजली जातात. जागा, पाणी, वीज, उपकरणे, औषधे, प्रशिक्षित कर्मचारी व नोंदवह्या यांची यादी करून प्रत्यक्ष भेटीत पडताळणी केली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्य केंद्रांतील सेवांची उपलब्धता व सिद्धता तपासण्यासाठी अशी पद्धत तयार केली आहे. भारतात २००७ मध्ये जाहीर झालेली आणि २०१२ व २०२२ मध्ये सुधारलेली भारतीय सार्वजनिक आरोग्य मानके याच जातीची होत. दुसऱ्या प्रकारात कर्मचाऱ्यांची मते प्रश्नावलीद्वारे घेतली जातात. ‘हा बदल करण्याचा येथील लोकांचा निश्चय आहे’, यासारख्या विधानाशी ते कितपत सहमत आहेत, हे एक ते पाच अशा श्रेणीवर नोंदवितात. २००२ मध्ये टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठात व्यसनमुक्ती केंद्रांसाठी तयार झालेल्या मापश्रेणीत प्रेरणा, साधनांची पर्याप्तता, कर्मचाऱ्यांचे गुण व संस्थेतील वातावरण हे चार विभाग होते. वाइनर यांच्या उपपत्तीवर आधारलेली व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेली मापश्रेणी अवघ्या १२ विधानांची आहे.

प्रश्नावली कोणतीही असो, तिला दोन कसोट्या लावाव्या लागतात. एकाच गुणाविषयीच्या विधानांची उत्तरे परस्परांशी मेळ राखतात की नाही, ही विश्वसनीयतेची कसोटी. आणि जे मोजावयाचे तेच मोजले जाते की नाही, ही सप्रमाणतेची कसोटी. या दोहोंत उतरणाऱ्या मापश्रेणी थोड्याच आहेत, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका समालोचनात आढळून आले. दुसऱ्या भाषेतील प्रश्नावलीचे केवळ भाषांतर केल्याने त्या कसोट्या आपोआप पार पडत नाहीत. परिचारिका, शिपाई व आशा कार्यकर्ती यांना विधानाचा अर्थ एकच लागतो की नाही, हे त्या त्या ठिकाणी तपासून पाहावे लागते.

सिद्धता हा समूहाचा गुण असल्याने व्यक्तींच्या उत्तरांची नुसती सरासरी पुरत नाही. कल्पनेसाठी दहा कर्मचाऱ्यांची दोन आरोग्य केंद्रे घेतली आणि पहिल्यात सर्वांनी तीन गुण दिले, दुसऱ्यात पाच जणांनी पाच व पाच जणांनी एक दिला, तर दोन्हींची सरासरी तीनच येईल. तथापि पहिले केंद्र साशंक आहे आणि दुसरे दुभंगलेले आहे. पहिल्याला कार्यक्रमाची उपयुक्तता पटवून द्यावी लागेल. दुसऱ्यात आधी विरोधाचे कारण शोधावे लागेल. म्हणून सरासरीबरोबर उत्तरांतील एकवाक्यताही मोजतात आणि ती नसेल तेथे संस्थेचा एकच गुणांक सांगत नाहीत.

बार्शी येथील अनुभव : सिद्धता कशी घडते व ती नसेल तर काय अडते, हे समजण्यास सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथील कर्करोगविषयक कार्याचे उदाहरण उद्‍बोधक आहे. तेथे प्रश्नावलीने सिद्धता मोजून मग कार्यास आरंभ झाला असे नव्हे; परंतु सिद्धतेची बहुतेक सर्व अंगे त्या कार्यात क्रमाने उभी राहिलेली दिसतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमांतर्गत १९८७ मध्ये बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय व मुंबईचे टाटा स्मारक केंद्र यांचा तीत सहभाग होता. बार्शी, परांडा व भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत आली.

शहरातील नोंदणी रुग्णालयांच्या कागदपत्रांवर चालते. खेड्यातील रुग्ण अनेकदा रुग्णालयात पोहोचतच नसल्याने ती पद्धत येथे निरुपयोगी होती. म्हणून नोंदणीचे कर्मचारी ठरावीक काळाने गावोगाव जात, गावकऱ्यांना कर्करोगाची लक्षणे समजावून सांगत आणि संशयित रुग्णांना तपासणीसाठी बार्शीस आणण्याची व्यवस्था करीत. या भागातील स्त्रियांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे होते आणि रोग बळावल्यावरच स्त्रिया उपचारासाठी येत. अंगावरून जाण्यासारखे लक्षण घरातही न बोलण्याची रीत हे त्याचे एक कारण होते. नोंदणी सुरू झाल्यानंतरच्या काही वर्षांतच, सामूहिक चाचणीचा कोणताही कार्यक्रम नसताना, आधीच्या अवस्थेत निदान होणाऱ्या रुग्णांचे प्रमाण वाढले. कस्तुरी जयंत, भा. म. नेने व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध केले. मोजणीच्या निमित्ताने झालेल्या भेटींतूनच लोकांची जाणीव वाढली होती.

या पायावर १९९९ ते २००३ या काळात शेजारच्या उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) जिल्ह्यात एक मोठी चाचणी पार पडली. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे रुग्णालय आणि फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ती योजिली होती. गावांचे ५२ गट करून ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांची यादृच्छिक पद्धतीने चार विभागांत वाटणी करण्यात आली. एका विभागात मानवी पॅपिलोमा विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशीपरीक्षण, तिसऱ्यात ॲसिटिक अम्ल लावून गर्भाशयमुखाचे डोळ्यांनी निरीक्षण हे उपाय योजिले. चौथा विभाग तुलनेसाठी होता. चाचणीसाठी निमंत्रण दिलेल्या १,००,८०० पात्र स्त्रियांपैकी ७९,४४९ म्हणजे सु. ७९ टक्के स्त्रियांनी चाचणी करून घेतली. न आलेल्यांच्या तुलनेत आलेल्या स्त्रिया वयाने लहान व अधिक शिकलेल्या होत्या. कार्यक्रम उत्तम चालत असतानाही ज्यांना त्याची निकड अधिक, त्याच मागे राहतात, हे यावरून दिसते.

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार विषाणूचाचणी एकदाच केलेल्या विभागात या कर्करोगाने ३४, तर तुलना विभागात ६४ मृत्यू झाले. इतर दोन पद्धतींच्या विभागांत मृत्यूंमध्ये लक्षणीय घट आढळली नाही. याउलट तमिळनाडूतील दिंडिगल जिल्ह्यात प्रशिक्षित परिचारिकांनी केलेल्या डोळ्यांच्या निरीक्षणाने मृत्यू ३५ टक्क्यांनी आणि मुंबईच्या वस्त्यांत प्राथमिक आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केलेल्या निरीक्षणाने ते ३१ टक्क्यांनी घटले. एकाच पद्धतीची फळे अशी निरनिराळी आल्याने ती कोण, किती वेळा व कोणत्या देखरेखीखाली वापरतो, या प्रश्नास महत्त्व येते. विषाणूचाचणीत तपासनीसाच्या नजरेवरील भिस्त कमी होते. मात्र तिला प्रयोगशाळा, यंत्रे व खर्च लागतो. म्हणजे पद्धत बदलली की सिद्धतेचे स्वरूपही बदलते.

राष्ट्रीय कार्यक्रम व सिद्धता : २०१६ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी ॲसिटिक अम्लाच्या साहाय्याने तपासणी अपेक्षित आहे. परंतु पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) ३० ते ४९ वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी केवळ १.९ टक्के स्त्रियांची ही तपासणी कधीतरी झालेली आढळली. उपाय ज्ञात असूनही तो पोहोचत नाही, तो हा टप्पा होय. उपकेंद्राची सिद्धता पाहताना साधनांच्या यादीत आडोशाची खोली, चांगला प्रकाश, ताजे तयार केलेले द्रावण व निर्जंतुक उपकरणे येतात. याखेरीज परिचारिकेस लसीकरण, बाळंतपणे व नोंदवह्या सांभाळून या कामास वेळ आहे काय, दोष आढळलेल्या स्त्रीस कोठे पाठवावयाचे हे तिला ठाऊक आहे काय, आणि तेथे उपचार खरोखर मिळतो काय, हेही पाहावे लागते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर चाचणी सुरू करणे घातकही ठरू शकते. दोष असल्याचे कळूनही उपचार न मिळालेल्या स्त्रीच्या वाट्यास केवळ भय येते आणि तिचा अनुभव ऐकून गावातील इतर स्त्रियाही चाचणी टाळतात.

मर्यादा : सिद्धता स्थिर नसते. प्रशिक्षित परिचारिकेची बदली, अधिकारीबदल किंवा निधीतील खंड यांमुळे ती अल्पावधीत खालावते; म्हणून एकदाच केलेली मोजणी फार काळ ग्राह्य धरता येत नाही. मोजणीचा उपयोग केंद्रांची प्रतवारी लावण्यासाठी किंवा कर्मचाऱ्यांना जाब विचारण्यासाठी होऊ लागला, तर उत्तरे वरिष्ठांना रुचतील अशी येतात आणि उणिवा झाकल्या जातात. उच्च गुणांकामुळे कार्यक्रम यशस्वी होतोच, याचा पुरावाही अद्याप मर्यादित आहे. सिद्धतेचे मापन हे कार्यक्रमाआधीच्या निदानासारखे मानून, आढळलेली उणीव भरून काढण्याचा खर्च व कालावधी मूळ योजनेतच धरणे इष्ट ठरते. बार्शी येथे नोंदणीचा आरंभ व मोठ्या चाचणीचा आरंभ यांत सु. बारा वर्षांचे अंतर होते. या काळात लोकसंख्येची माहिती, गावकऱ्यांचा विश्वास, प्रशिक्षित कर्मचारी व उपचाराची सोय या चारही गोष्टी जवळजवळ एकाच ठिकाणी उपलब्ध झाल्या होत्या. अन्यत्र तोच कार्यक्रम काही महिन्यांत सुरू करावयाचा झाल्यास, यांपैकी कोणती गोष्ट तेथे नाही हे आधी शोधणे हे सिद्धतेच्या मापनाचे प्रमुख प्रयोजन होय.