पुस्तकाची नाडी

वैद्यकीय प्रवेशाच्या फेऱ्या संपत आल्या की पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात, पुस्तकांच्या दुकानांसमोर, नव्या विद्यार्थ्यांची गर्दी दिसू लागते. हातात कॉलेजची यादी, शेजारी आई किंवा बाबा, आणि काउंटरवर हमखास येणारा प्रश्न : ‘फिजिऑलॉजीसाठी कोणतं पुस्तक चांगलं?’ विक्रेता चार-पाच जाडजूड पुस्तकं समोर ठेवतो. एका सीनिअरनं सांगितलेलं असतं, ‘डोळे मिटून गायटन घे.’ दुसऱ्याचं म्हणणं, ‘परीक्षेला ए. के. जैन पुरतं.’ तिसरा सेम्बुलिंगम सुचवतो. मग पानं भराभर उलटली जातात, चित्रं रंगीत आहेत ना हे पाहिलं जातं, मागची किंमत पाहिली जाते आणि पाच मिनिटांत पुस्तक पिशवीत जातं.

या पाच मिनिटांची किंमत पुढे कळते, आणि ती सर्वांत जास्त कळते हृदय आणि रक्ताभिसरणाच्या प्रकरणात. विद्यार्थी त्याला ‘सीव्हीएस’ म्हणतात. शरीरक्रियाशास्त्राचे इतर काही भाग पाठांतरावर निभावून नेता येतात. इथे तसं होत नाही, कारण रक्ताभिसरण हे वर्तुळ आहे. हृदय जेवढं रक्त पुढे ढकलतं तेवढंच त्याला मागून मिळावं लागतं. दाब बदलला की प्रवाह बदलतो, प्रवाह बदलला की मेंदूकडून सूचना येतात, त्या सूचनांनी पुन्हा दाब बदलतो. सुरुवात कुठून करायची हाच लेखकापुढचा पहिला पेच असतो. शिवाय हे सगळं अतिशय वेगानं घडतं. मिनिटाला 75 ठोके धरले तर एका ठोक्याला मिळतात 0.8 सेकंद, आणि तेवढ्यात चार झडपा आपापल्या वेळेला उघडतात आणि मिटतात.

म्हणूनच या विषयाच्या पुस्तकात माहिती किती आहे यापेक्षा ते ‘का’ या प्रश्नाचं उत्तर देतं की नाही, हे आधी पाहायला हवं.

याचा उत्तम नमुना चारशे वर्षांपूर्वीचा आहे. विल्यम हार्वे या इंग्लिश वैद्यानं 1628 मध्ये हृदयाच्या हालचालींवर एक छोटं लॅटिन पुस्तक छापलं. अन्नापासून यकृतात सतत नवं रक्त तयार होतं आणि ते शरीरात जिरून जातं, ही गॅलेनची शिकवण तोवर प्रमाण मानली जात होती. हार्वेनं साधा हिशेब मांडला. एका ठोक्याला फक्त अर्धा औंस रक्त बाहेर पडतं असं धरा. अर्ध्या तासात हजाराहून जास्त ठोके पडतात. म्हणजे पाचशे औंस, आजच्या मापात चौदा-पंधरा किलो रक्त. एवढं रक्त अख्ख्या शरीरात नसतं, मग अर्ध्या तासात अन्नातून तयार कुठून होणार? याचा अर्थ तेच रक्त फिरून परत येत असलं पाहिजे.

हिशेबानंतर हार्वे वाचकाला हातावरचा प्रयोग दाखवतो. दंडाला फडकं बेताचं आवळून बांधलं की पुढच्या हातावरच्या शिरा फुगतात आणि त्यांवर मधे मधे गाठी दिसतात. त्या गाठी म्हणजे शिरांतल्या झडपा. एका बोटानं शीर दाबून धरायची आणि दुसऱ्या बोटानं रक्त दंडाच्या दिशेनं पुढच्या गाठीपलीकडे सारायचं. मधला भाग रिकामा होतो आणि रिकामाच राहतो, वरचं रक्त खाली उतरत नाही. दाबलेलं बोट उचललं की तो क्षणात खालून भरतो. शिरांतलं रक्त हृदयाकडेच जातं, हे वाचकानं स्वतःच्या हातावर पाहिलेलं असतं. एक मात्र हार्वेला पाहता आलं नाही : धमन्यांना शिरांशी जोडणाऱ्या केशवाहिन्या. त्या मार्चेल्लो माल्पिगीनं 1661 मध्ये सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसात दाखवल्या. हिशेब, प्रयोग, निष्कर्ष हा क्रम ज्या पुस्तकात टिकतो, त्यातली सीव्हीएस डोक्यात राहते.

गायटनचं नाव सत्तर वर्षं टिकून आहे त्याचं कारण हेच. आर्थर गायटन यांना हृदयाचे सर्जन व्हायचं होतं. 1946 मध्ये, शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण संपत आलं असताना, त्यांना पोलिओ झाला. एक पाय, एक हात आणि दोन्ही खांदे दुबळे झाले. ते आपल्या मिसिसिपी राज्यात परतले आणि विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्र शिकवू लागले. त्यांच्या पाठ्यपुस्तकाची पहिली आवृत्ती 1956 मध्ये आली. पहिल्या आठ आवृत्त्या त्यांनी एकट्यानं लिहिल्या, नवव्या आवृत्तीपासून जॉन हॉल सोबत आले. एकाच माणसानं लिहिल्यामुळे पुस्तकाला एक आवाज आहे : समोर बसलेल्या विद्यार्थ्याला शांतपणे समजावणारा. रक्तदाब आणि हृदयाकडे परतणारं रक्त हा तर गायटन यांच्या स्वतःच्या संशोधनाचा विषय, त्यामुळे ती प्रकरणं जीव ओतून लिहिलेली आहेत. अडचण आहे ती लांबीची. परीक्षा महिन्यावर आली असताना पहिल्यांदा गायटन उघडणाऱ्याची दमछाक होते.

इतर पुस्तकांचे स्वभाव वेगळे आहेत. 1963 पासून चालत आलेलं गॅनाँग आटोपशीर आणि घट्ट आहे, ज्याला विषय थोडा कळला आहे त्याच्या उजळणीला ते चांगलं. लिंडा कॉस्टँझो यांचं पुस्तक मोजकी वाक्यं, तक्ते आणि सोडवून दाखवलेली उदाहरणं देतं, त्यामुळे बुजणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचा आधार वाटतो. बोरॉन आणि बुलपेप यांचा ग्रंथ पेशी आणि रेणूंपर्यंत खोल जातो, तो पदव्युत्तर अभ्यासाला जवळचा. फक्त रक्ताभिसरणावरची पुस्तकंही आहेत. मोहरमन आणि हेलर यांचं पुस्तक लहानखुरं आहे, क्लाबुंडे यांचं संकल्पनांवर बेतलेलं. लेनर्ड लिली यांनी संपादित केलेलं हृदयरोगांवरचं पुस्तक हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी आपल्या शिक्षकांसोबत लिहिलं आहे. विद्यार्थी कुठे अडखळतो ते विद्यार्थ्यालाच ठाऊक, याचा प्रत्यय त्यात पानोपानी येतो.

भारतीय पुस्तकांची बाजूही भक्कम आहे. एमबीबीएसच्या 2019 पासूनच्या अभ्यासक्रमात प्रत्येक क्षमतेला क्रमांक आहे, हृदय आणि रक्ताभिसरणाचा गट ‘पीवाय 5’. आपल्याकडची नवी पुस्तकं त्या क्रमानं मांडलेली असतात, उत्तरं मुद्देसूद असतात आणि प्रात्यक्षिकांची भाषा व्हायवात विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांशी जुळते. समजून घ्यायला एक आणि लिहायला एक अशी जोडी अनेक विद्यार्थी ठेवतात, आणि ती व्यवहार्य आहे. पण समजून घेण्याचं पुस्तक निवडायचं कसं? त्यासाठी दुकानातच तीन ठिकाणं उघडावीत.

पहिलं ठिकाण, विगर्स यांचा आलेख. कार्ल विगर्स या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या नावानं ओळखलं जाणारं हे चित्र प्रत्येक पुस्तकात असतं. महाधमनीतला दाब, डाव्या जवनिकेतला दाब, कर्णिकेतला दाब, जवनिकेतलं रक्ताचं आकारमान, ईसीजी आणि हृदयाचे आवाज, सगळं एकाच काळरेषेवर एकाखाली एक. पाहायचं ते चित्राखालचा मजकूर. वाईट पुस्तक टप्प्यांची नावं देऊन मोकळं होतं. चांगलं पुस्तक वाचकाचं बोट धरून त्या रेषेवरून चालवतं. जवनिका आकुंचन पावू लागते, आतला दाब कर्णिकेपेक्षा वाढतो म्हणून मधली झडप मिटते आणि पहिला आवाज येतो. क्षणभर सगळी दारं बंद असतात, आत सुमारे 120 मिलिलिटर रक्त असतं, दाब चढतो पण थेंबही हलत नाही. दाब महाधमनीतल्या साधारण 80 च्या पुढे गेला की पुढचं दार उघडतं, सुमारे 70 मिलिलिटर रक्त बाहेर पडतं आणि 50 आत उरतं. मग दाब उतरतो, दार मिटतं आणि दुसरा आवाज येतो. झडपांना स्वतःचे स्नायू वापरून उघडावं लागत नाही, ज्या बाजूचा जोर जास्त त्यावर दार हलतं. एवढं वाक्य ज्या पुस्तकात स्पष्ट आहे, त्याच्या वाचकाला स्टेथोस्कोपमधला ‘लब-डब’ पाठ करावा लागत नाही.

दुसरं ठिकाण, केशवाहिन्यांतून होणारी पाण्याची ये-जा. अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी 1896 मध्ये तिचा नियम मांडला : रक्ताचा दाब पाणी बाहेर ढकलतो, रक्तातली प्रथिनं ते आत ओढतात. त्यावरून वर्षानुवर्षं चित्र काढलं गेलं की धमनीकडच्या टोकाला पाणी बाहेर पडतं आणि शिरेकडच्या टोकाला बहुतेक परत आत येतं. पुढच्या संशोधनात दिसलं की केशवाहिनीच्या आतल्या बाजूला ग्लायकोकॅलिक्स नावाचं नाजूक अस्तर असतं आणि प्रथिनांची ओढ त्या अस्तराशी ठरते. बहुतेक ऊतींत शिरेकडच्या टोकालाही पाणी सतत परत शोषलं जात नाही, बाहेर पडलेलं पाणी मुख्यतः लसिकावाहिन्यांतून परततं. मूत्रपिंड आणि आतड्याचं अस्तर हे ठळक अपवाद. रॉडनी लेव्हिक आणि चार्ल्स मिशेल यांनी 2010 मध्ये या सुधारित नियमाचा सविस्तर आढावा घेतला. लेव्हिक यांचं रक्ताभिसरणावरचं पाठ्यपुस्तक आता नील हेरिंग आणि डेव्हिड पॅटरसन पुढे चालवतात. हे पान उघडलं की नवी आवृत्ती खरोखर नवी आहे की फक्त मुखपृष्ठ बदललं आहे, ते लगेच कळतं. पायाला सूज का येते, शिरेतून दिलेलं सलाइन कुठे जातं, हे प्रश्न याच पानाशी जोडलेले आहेत.

तिसरं ठिकाण, उभं राहणं. पंगतीत तासभर मांडी घालून बसलेला माणूस झटकन उठतो आणि त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. उभं राहताच अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पायांच्या आणि पोटाच्या शिरांत उतरतं, हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, दाब घसरतो. मानेतल्या धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत दाब टिपणारे चेतातंतू असतात. त्यांचे संदेश मंदावतात तसा मेंदू हृदयाचा वेग वाढवतो आणि रक्तवाहिन्या आवळतो. हे काही सेकंदांत घडतं. ज्या पुस्तकात हा प्रसंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका धाग्यात सांगितला आहे, ते वर्तुळाचा पेच सोडवू शकतं. घटक सुटे सुटे देऊन जोडणी वाचकावर सोडणारं पुस्तक नवख्याला अपुरं पडतं.

गरजही प्रत्येकाची सारखी नसते. बारावीच्या जीवशास्त्रात श्वसन आणि रक्ताभिसरणाचं एक प्रकरण असतं, त्यासाठी गायटन उघडणं म्हणजे उगीच धास्ती घेणं. नर्सिंगच्या विद्यार्थिनीला नाडी आणि रक्तदाबाचा अर्थ खाटेजवळ हवा असतो. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्याला व्यायामात हृदय काय करतं हे हवं असतं.

भाषेचा प्रश्न वेगळाच. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना कर्णिका, जवनिका, धमनी, शीर हे शब्द ठाऊक असतात आणि पहिल्या वर्षी तेच एट्रियम, व्हेंट्रिकल होऊन समोर येतात. मध्य प्रदेशात ऑक्टोबर 2022 मध्ये एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तकं प्रकाशित झाली, त्यांत शरीरक्रियाशास्त्रही होतं. मराठी मुलांनी वहीच्या पहिल्या पानावर दोन्ही भाषांतले वीस-पंचवीस शब्द समोरासमोर लिहून घेतले, तरी सीव्हीएसचा पहिला आठवडा पुष्कळ सुसह्य होतो.

चौकातल्या दुकानात आलेल्या मुलीला एवढं करायला वीस मिनिटं पुरतात. विक्रेत्यानं ठेवलेल्या पुस्तकांपैकी एकात ती विगर्सचा आलेख शोधते, त्याखालची दोन पानं उभ्या उभ्या वाचते आणि पुस्तक मिटते. कॉलेजच्या यादीची मागची बाजू कोरी असते. तिथे ती जवनिकेतल्या दाबाची रेषा काढते, चढती, मग उतरती. दुसरा आवाज कुठे येईल असं तिला वाटतं तिथे टिंब देते आणि पुस्तक पुन्हा उघडून ताडून पाहते.