दोन ध्वनिक्षेपकांतून त्रिमितीय ध्वनी : तत्त्व, तंत्र आणि मर्यादा

प्रस्तावना

बेळगावच्या पश्चिमेस असलेल्या उचगावसारख्या सीमाभागातील गावांत वारकरी भजन आणि कव्वाली हे दोन्ही गायनप्रकार लोकांच्या कानांना परिचित आहेत. ध्वनीच्या दृष्टीने या दोहोंची मांडणी मात्र भिन्न आहे. दिंडीत टाळकरी समोरासमोर दोन ओळी करून उभे राहतात आणि मध्ये वीणेकरी व पखवाजवादक असतो. मधोमध उभ्या असलेल्या माणसाला टाळांचा नाद डावीकडून निराळा व उजवीकडून निराळा ऐकू येतो. कव्वालीत मुख्य कव्वाल पुढे बसतो आणि त्याचे हमनवा मागच्या ओळीतून टाळ्या व साथ देतात. पहिल्या प्रकारात रुंदी आहे, दुसऱ्यात खोली आहे. डोळे मिटून बसलेल्या श्रोत्यालाही कोण कोठे आहे हे सांगता येते.

हेच गायन ध्वनिमुद्रित करून ऐकले की सारे एका ठिपक्यात गोळा झाल्यासारखे वाटते. हा ठिपका पुन्हा पसरविण्याची सोय आता साध्या संगणकावरही आहे. ध्वनिमिश्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'वाइड' किंवा 'थ्री-डी' असे एक बटण असते. ते दाबले की खोलीत बसलेल्या हौशी कलावंताला साथीदारांचे आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखे वाटतात व तो हरखून जातो. परंतु तीच फीत सप्ताहात किंवा उरुसात कर्ण्यावरून लावली असता मुख्य गायक तेवढा ऐकू येतो. साथ देणाऱ्यांचा आवाज जवळजवळ नाहीसा झालेला असतो. ज्यांनी घसा कोरडा करून साथ केली, त्यांनाच आपला आवाज सापडत नाही. असे का घडते आणि ते कसे टाळता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कानांना दिशा कशी कळते

माणसाला कान दोनच आहेत, तरी त्याला डावे-उजवे, पुढे-मागे आणि वर-खाली असे तिन्ही परिमाणांतील ज्ञान होते. यांपैकी डाव्या-उजव्याचा उलगडा इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये केला. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने जातो. उजवीकडून आलेला ध्वनी उजव्या कानाला आधी व डाव्या कानाला नंतर पोचतो. हा फरक जास्तीत जास्त सुमारे ०.६ ते ०.७ मिलिसेकंद इतका असतो, म्हणजे एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. एवढ्या सूक्ष्म अंतरावरून मेंदू दिशा ठरवितो. खालच्या स्वरांसाठी हे कालांतर उपयोगी पडते. सुमारे १५०० हर्ट्झच्या वरच्या स्वरांत डोक्याची 'सावली' कामी येते, कारण डोके आड आल्यामुळे पलीकडच्या कानाला आवाज कमी ऐकू येतो.

पुढचे आणि मागचे, वरचे आणि खालचे ओळखण्यास मात्र हे दोन्ही फरक पुरेसे नाहीत. नेमक्या समोरून आणि नेमक्या पाठीमागून आलेला ध्वनी दोन्ही कानांना एकाच वेळी पोचतो. येथे बाहेरच्या कानाच्या वळ्या मदतीस येतात. ध्वनी ज्या दिशेने येईल त्याप्रमाणे या वळ्या त्यातील काही उंच स्वर दाबतात, काही उचलतात. प्रत्येकाच्या कानाची घडण वेगळी असल्याने हा संस्कारही प्रत्येकाचा वेगळा असतो. एकाच्या कानासाठी अचूक बेतलेला 'मागून येणारा' आवाज दुसऱ्याला समोरून आल्यासारखा वाटतो, त्याचे कारण हेच होय.

गळतीचा प्रश्न

दोन मार्गांच्या ध्वनीचा, म्हणजे स्टिरिओचा, पाया इंग्लंडमधील ईएमआय कंपनीचे अभियंते ॲलन ब्लूमलाइन यांनी १९३१ च्या पेटंटने घातला. श्रोता व दोन ध्वनिक्षेपक यांचा समभुज त्रिकोण झाला की दोन्हींतून सारखा येणारा आवाज मधोमध भासतो आणि एकीकडे जास्त दिला की तो तिकडे सरकतो. सामान्यतः हा आवाज दोन ध्वनिक्षेपकांच्या दरम्यानच राहतो. त्यांच्या बाहेर, श्रोत्याच्या बगलेला किंवा पाठीमागे तो जात नाही.

याचे कारण गळती हे आहे. डाव्या ध्वनिक्षेपकाचा आवाज डाव्या कानापुरता राहत नाही. तो डोक्याला वळसा घालून सुमारे पाव मिलिसेकंदाने उजव्या कानातही शिरतो. मेंदूला त्यावरून ध्वनिक्षेपकाची खरी जागा समजते आणि मिश्रणकाराने रचलेला भास मोडतो. हे पाहण्यास मोठी सामग्री लागत नाही. दोन ध्वनिक्षेपक जवळजवळ ठेवून त्यांच्या मधोमध, थेट नाकापर्यंत, एक जाड गादी उभी धरावी. प्रत्येक कानाला आपल्याच बाजूचा आवाज मिळू लागताच संगीत ध्वनिक्षेपकांच्या बाहेर पसरलेले जाणवते. अर्थात नाकाशी गादी धरून कोणी रोज गाणे ऐकणार नाही.

ही गादी गणिताने उभी करण्याचे श्रेय एका भारतीयाकडेही जाते. बिष्णू अटल यांचा जन्म १९३३ चा, कानपूरचा. लखनौ विद्यापीठात शिक्षण घेऊन ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले व तेथे त्यांनी ध्वनिशास्त्राचे अध्यापन केले. १९६१ पासून ते अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करू लागले. तेथे मॅनफ्रेड श्रोडर यांच्यासह त्यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी पुढील युक्ती मांडली. डाव्या ध्वनिक्षेपकाचा जो अंश उजव्या कानात गळतो, त्याच्या नेमका उलटा अंश उजव्या ध्वनिक्षेपकातून पाव मिलिसेकंद उशिरा सोडावा. उजव्या कानाशी दोन्ही भेटतात आणि एकमेकांना मारून टाकतात. मात्र हा उलटा अंशही डाव्या कानात थोडा गळतो, म्हणून त्याच्यासाठी आणखी एक दुरुस्ती, तिच्यासाठी पुढची, अशी उतरत्या आवाजाची साखळी तयार होते. ही सारी साखळी संगणक हिशेबाने एकदम काढून देतो. पुढे श्रोडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीतील गटिंगन येथे याच पद्धतीने युरोपातील निरनिराळ्या संगीतसभागृहांचे ध्वनी एकाच खोलीत ऐकवून त्यांची तुलना केली. तो निबंध १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. व्यापारी संगीतात क्यूसाउंड या कॅनडातील तंत्राने साध्या दोन ध्वनिक्षेपकांतून असा भास देण्याचा प्रयत्न केला. रॉजर वॉटर्स यांच्या १९९२ च्या 'अम्यूज्ड टू डेथ' या संग्रहात ते वापरलेले आहे.

युक्ती अप्रतिम आहे, पण ती एकाच आसनापुरती आहे. ३००० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ११ सेंटिमीटर भरते. श्रोत्याने डोके चार-पाच सेंटिमीटर हलविले तरी मारणारा अंश तारणारा होऊन बसतो. शिवाय खोलीच्या भिंतींवरून येणारे परावर्तन हिशेबात नव्या चुका घालते. म्हणून गटिंगनचे प्रयोग प्रतिध्वनिरहित खोलीत झाले. मंगळुरी कौलांच्या घरातील माजघर म्हणजे तशी खोली नव्हे. ध्वनिक्षेपकांच्या बाजूच्या भिंतींवर वाकळा टांगल्या तर पुष्कळ फरक पडतो, एवढे मात्र खरे.

खरा फरक आणि कृत्रिम फरक

बाजारातील स्वस्त 'वाइड' बटणे इतका हिशेब करीत नाहीत. त्यांतील पुष्कळशी एकाच आवाजाची उलटी प्रत दुसऱ्या बाजूस मिसळतात. स्टिरिओत कान गोंधळतो व रुंदी भासते. परंतु गावातील कर्ण्यांची जोडणी बहुधा मोनो असते. तेथे डावे आणि उजवे यांची बेरीज होते. अधिक एक आणि उणे एक यांची बेरीज शून्य. साथीदारांचा आवाज जातो तो येथे.

दुसरी रूढ युक्ती म्हणजे एका बाजूची प्रत १० ते २० मिलिसेकंद उशिरा वाजविणे. हेल्मुट हास यांनी १९४९ च्या प्रबंधात दाखविले की थोड्या उशिरा आलेला तोच आवाज वेगळा ऐकू येत नाही. तो पहिल्यात विरघळतो आणि दिशा पहिल्याची राहते. यातून भरदारपणा येतो, पण मोनोत येथेही किंमत मोजावी लागते. १० मिलिसेकंदांच्या अंतराने बेरीज झाल्यास ५०, १५०, २५० हर्ट्झ अशा ठरावीक अंतरावरचे स्वर फणीच्या दातांमधील फटींप्रमाणे गळून पडतात. आवाज पोकळ, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो.

मैफलीतील तंबोऱ्यांकडे पाहिल्यास यातून मार्ग सापडतो. गायकाच्या मागे दोन बाजूंना दोन तंबोरे असतात. ते एकाच स्वरात लावलेले असले तरी त्यांच्या जवारीत, लाकडात व छेडणाऱ्याच्या बोटांत सूक्ष्म फरक असतो. मिरजेचे कारागीर दोन तंबोरे एकसारखे बनवीत नाहीत असे नव्हे. दोन तंबोरे तंतोतंत एकसारखे होऊच शकत नाहीत. हा फरक खरा असल्यामुळे डावी-उजवीकडे ठेवल्यावर तो रुंदी देतो आणि मोनोत बेरीज झाली तरी काही नष्ट होत नाही, दोन तंबोरे एकत्र वाजतात एवढेच. विजेच्या तंबोरापेटीचा एकच आवाज दोन्हीकडे घातल्यास तो मधोमध चिकटून बसतो, हेही यावरून समजावे.

तेव्हा टाळांची किंवा हमनवांच्या टाळ्यांची रुंदी हवी असेल तर एकाच मुद्रणाची प्रत काढू नये. साथीदारांना तेच पद दुसऱ्यांदा म्हणावयास लावावे व एक मुद्रण डावीकडे, दुसरे उजवीकडे ठेवावे. वेळ दुप्पट लागतो आणि साथीदार कुरकुरतात.

खोलीचा विचार

रुंदीसाठी दोन मार्ग लागतात, खोलीसाठी एकही पुरतो. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या १९३० च्या दशकातील ध्वनिमुद्रिका एकमार्गीच आहेत, आणि रसिक त्या अजूनही ऐकतात. मोनो म्हणजे कमी प्रतीचे, ही समजूत सोडून दिलेली बरी.

दूरच्या आवाजाची लक्षणे तीन. थेट आवाजाच्या मानाने खोलीचा घुमारा अधिक असतो, उंच स्वर थोडे बोथट असतात आणि थेट आवाज व पहिले परावर्तन यांत अंतर कमी असते. जवळ बसलेल्या गायकाचा शब्द आधी येतो आणि घुमारा क्षणभराने. म्हणून मुख्य कव्वालाच्या आवाजाला घुमारा २५-३० मिलिसेकंद उशिरा व बेताने द्यावा. हमनवांना तो लगेच व जास्त द्यावा, आणि त्यांचे उंच स्वर किंचित उतरवावेत. मागची ओळ मागे जाते.

घुमारा आणि पडसाद यांत गल्लत होऊ नये. विजापूरच्या गोल घुमटाचा आतील व्यास सुमारे ३८ मीटर आहे. पलीकडच्या भिंतीवरून परतणारा ध्वनी ७६ मीटर चालून सुमारे पाव सेकंदाने येतो. म्हणून तेथे टाळी वेगळी होऊन पुन्हा पुन्हा ऐकू येते. उर्दूत यास बाजगश्त म्हणतात, म्हणजे फिरून परत येणे. मराठीतील 'गस्त' त्याच कुळातली. लहान खोलीत परावर्तने इतकी लवकर येतात की ती सुटी न होता आवाजात मिसळतात. भजनावर गोल घुमट चढविण्याचा मोह अनेकांना होतो आणि मग अभंगाचा शब्द कळेनासा होतो.

परीक्षा

मिश्रण चालू असताना दर थोड्या वेळाने मोनोचे बटण दाबून ऐकावे. ते नसेल तर एकच ध्वनिक्षेपक असलेल्या मोबाईलवर ऐकावे, कारण बहुतेक श्रोते तेथेच ऐकणार आहेत. नंतर शेजारच्या खोलीत जाऊन ऐकावे. टाळ, टाळ्या आणि साथीचे शब्द तिन्ही ठिकाणी आपापल्या प्रमाणात ऐकू आले पाहिजेत. जो आवाज मोनोत निम्म्याहून कमी होतो, त्यावरचे रुंदीचे बटण काढून टाकावे आणि त्या साथीदाराला पुन्हा बोलावून दुसरे मुद्रण करावे.