माणूस पाठवावा की यंत्र?

अंतराळात माणूस पाठवणे इतके महाग का पडते? यंत्राला श्वास घ्यावा लागत नाही, भूक लागत नाही आणि मुख्य म्हणजे ते परत आणलेच पाहिजे असे नसते.

मग माणूस नेऊन मिळते काय? डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो-१७ मधून हॅरिसन श्मिट हे भूवैज्ञानिक चंद्रावर उतरले. एका विवराच्या काठी करड्या धुळीत त्यांच्या नजरेला नारिंगी माती पडली. ते होते ज्वालामुखीच्या कारंज्यातून उडालेले काचेचे बारीक मणी, साडेतीनशे कोटी वर्षांहून जुने! तीन दिवसांत दोघे गाडीतून सुमारे ३५ किलोमीटर हिंडले. मंगळावरच्या ऑपॉर्च्युनिटी गाडीला ४५ किलोमीटरसाठी चौदा वर्षे लागली.

अपोलोच्या सहा मोहिमांनी ३८२ किलो नमुने आणले, तर १९७० साली लुना-१६ या यंत्राने १०१ ग्रॅम. पण २०२० साली चांग-ई-५ ने माणसाविना १७३१ ग्रॅम आणले. यंत्रे सुधारत आहेत. चंद्रयान-३ ला सुमारे ६१५ कोटी रुपये लागले. अनेक उड्डाणांच्या गगनयान कार्यक्रमाला २०२४ साली २०,१९३ कोटी मंजूर झाले. नुसत्या दगडांसाठी एवढे पैसे आम्ही मागणार नाही. वजनरहित अवस्थेत भार पेलणारी हाडे महिन्याला सुमारे १ टक्का खनिजे गमावतात, हे मात्र माणूस गेल्यामुळेच कळले. (माणूस पाठवायचाच नसेल तर ते कळून उपयोग काय, असे एखादा विद्यार्थी विचारील. त्याला गप्प बसवू नये.)